दारातले दुकान आणि हातातले दुकान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. छापण्यासाठी थोडे सावरून लिहिले आहे.)



भाषणासाठी उभे राहण्याची माझी ही पहिलीच खेप. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, फराळाची भांडी मोजली, भिशीचा हिशेब ठेवला. परंतु बोलायला कधी उभी राहिले नाही. चिटणीसताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाजारहाट तुमच्याइतका कोणी करीत नाही. हल्ली बायका घरी बसून फोनवर खरेदी करतात. दुकानातली बरी की फोनवरची बरी, ते तुम्ही सांगा." मी नाहीच म्हणणार होते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, हा विषय आपल्या घरचाच आहे. आमचे हे लक्ष्मी रस्त्यावर एका साड्यांच्या दुकानात चोवीस वर्षे काम करीत आहेत, आणि आमचा थोरला मुलगा फोनवर मागवलेले सामान मोटारसायकलवरून घरोघर पोचवतो. म्हणजे बापाची भाकरी दुकानातली आणि लेकाची भाकरी फोनवरची. दोन्ही भाकऱ्या मी एकाच तव्यावर भाजते. तेव्हा मी कोणा एकाची बाजू घेऊन बोलू म्हटले तरी मला ते जमणार नाही. चुकले-माकले तर पदरात घ्या.

सन २००० मध्ये मी लग्न होऊन कोथरूडला आले. त्या वेळी आमच्या सासूबाईंचा खरेदीचा एक शिरस्ता होता. महिन्याचे वाणसामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, यादी करून. भाजी रोजची रोज हातगाडीवरून. आणि सणासुदीला किंवा लग्नकार्याला पी.एम.टी.च्या बसने मंडई गाठायची, तिथून तुळशीबाग. १८८६ साली बांधलेली ती मंडईची दगडी इमारत मी पहिल्यांदा पाहिली ती सासूबाईंच्या मागे पिशव्या धरून. त्या वांगे हातात घेऊन आधी देठ बघत. नारळ कानाशी नेऊन हलवत. तुळशीबागेत स्टीलच्या डब्याचे झाकण तीनतीनदा लावून पाहत, आणि भाव ऐकला की काही न बोलता दोन पावले पुढे जात. मागून हाक आलीच पाहिजे, आणि ती येई. मी नवी सून, लाजेने अर्धी होऊन जाई. आज कळते की तेच माझे शिक्षण होते. माल कसा पारखावा हे मी शाळेत शिकले नाही, त्या गर्दीत शिकले.

पण घरबसल्या माल मागवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या भगिनींना व्ही.पी. आठवत असेल. इंग्रजांच्या अमदानीत, १८७७ साली, टपालखात्याने ही सोय सुरू केली. वर्तमानपत्रात जाहिरात वाचायची, पोस्टकार्ड टाकायचे. पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा राही, आधी पैसे द्यायचे आणि मग पार्सल हातात मिळायचे. ते पैसे टपालखाते माल पाठवणाऱ्याला पोचवी. पुस्तके, औषधे, घड्याळे, सगळे असे येई. आमच्या मामंजींनी असेच एकदा मनगटी घड्याळ मागवले होते. उघडून पाहतात तो पोराच्या खेळण्यातले घड्याळ! सासूबाई ही गोष्ट अजून सांगतात आणि शेवटी म्हणतात, "पैसे आधी आणि बघणे नंतर, तिथे फसगत आलीच." आज फोनवरच्या खरेदीत 'माल आल्यावर पैसे' असा जो प्रकार असतो, तो या व्ही.पी.चाच नातू म्हणायचा.

आता माझ्या घरात फोन कसा शिरला ते सांगते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. आमच्या ह्यांचे दुकान बंद, पगार पहिल्या महिन्यात अर्धा आणि पुढे तोही नाही. शेजारच्या इमारतीतल्या वहिनींनी मला फोनवर सामान मागवायला शिकवले. पण त्या दिवसांत फोनवर जेव्हा पाहावे तेव्हा 'आज जागा नाही, उद्या पाहा' एवढेच दिसे. आणि आपले वाणीकाका? तोंडाला रुमाल बांधून, शटर गुडघ्याइतके वर करून, ते पहाटेपासून पुड्या बांधत होते. मला म्हणाले, "ताई, यादी सरकवा आत. पैशाचे नंतर बघू." चार महिने त्यांनी आमचे नाव वहीत लिहिले. त्या वहीत आमच्यासारखी किती नावे होती ते मी पाहिले आहे. ते पैसे फेडायला मला पुढची दिवाळी उलटून गेली. काकांनी एकदाही दारात येऊन विचारले नाही.

आणि मग काय झाले ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. टाळेबंदी उठली, फोनवरची दुकाने जोरात सुरू झाली, आणि मी हळूहळू तेल, साबण, चहा फोनवर मागवू लागले. पाच-दहा रुपये स्वस्त मिळत ना! काकांकडे मी फक्त कोथिंबिरीची जुडी आणि सुट्टे मागायला जाऊ लागले. ते कधी काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मला आजही आठवते.

परंतु फोनवरच्या दुकानाला नुसती नावे ठेवणे हा अन्याय होईल. त्याने माझ्यासारखीला काय दिले तेही ऐका. सासूबाईंचे गुडघे गेले आणि त्यांना कमोडची खुर्ची लागली. असली वस्तू कुठे मिळते, कितीला मिळते, हे मी कोणाला विचारणार? फोनवर दहा प्रकार दिसले, प्रत्येकाचे माप, वजन आणि किंमत लिहिलेली. खाली घेणाऱ्यांचे बरे-वाईट अनुभव. मी मुलाकडून वाचून घेतले आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची घरी आली. दुसरे असे की, फोन माझी साडी पाहत नाही. एकदा मी एका मोठ्या दुकानात मिक्सर पाहायला गेले होते. अंगावर घरातली सुती साडी, हातात भाजीची पिशवी. तिथल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "मावशी, हे महागातले आहे." मी तशीच परत आले. तो मिक्सर मी फोनवर घेतला. फोनने मला मावशी म्हटले नाही, माझी ऐपतही विचारली नाही. पुण्याच्या दुकानांतल्या पाट्यांची आणि एक ते चारच्या विश्रांतीची आपण मौजेने गोष्ट करतो; पण त्या पाट्यांनी आणि तशा बोलण्याने कितीतरी गिऱ्हाईक हळूहळू फोनकडे गेले, हे दुकानदारांनीही मनाशी मान्य केले पाहिजे.

आता साडीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझे बोलणे पुरे होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न ठरले. मामा-मामीकडून साडी जायला हवी. मामा स्वतः साडीच्या दुकानात, तेव्हा साडी उजवी हवी. मी फोनवर पाहत होते. एक साडी दिसली. मोरपंखी रंग, पदरावर मोर, काठ रुंद. किंमत तीन हजार दोनशे. तसली साडी ह्यांच्या दुकानात दुपटीच्या पुढे असते हे मला ठाऊक होते. मी विचार केला, ह्यांना न सांगता घेऊ, पैसे वाचवू आणि मग चकित करू. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'आर्ट सिल्क'. मला वाटले, आर्ट म्हणजे कला. कलाकुसरीचे रेशीम असेल. मागवली. आली तशी शेजारी फॉल-पिकोला दिली आणि दोन दिवसांनी घडी घालून ह्यांच्या पुढे ठेवली.

ह्यांनी साडीला हात लावला. उघडलीसुद्धा नाही. नुसती दोन बोटांच्या चिमटीत धरली, आणि गप्प बसले. मी विचारले, "काय झाले?" तर म्हणाले, "रेशीम नाही हे. आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, कृत्रिम. आमच्याकडे गिऱ्हाईकाला आम्ही हे आधी सांगतो." मग फॉलच्या कडेचा एक धागा काढून त्यांनी काडीने पेटवला. धागा वितळला आणि त्याची कडक गुठळी झाली. म्हणाले, "खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, आणि त्याची राख बोटाने चुरते." मग साडी उलटी करून पदर दाखवला. मागे सगळे धागे लोंबकळत होते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ दिसते, असे ते म्हणाले. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि अस्सल रेशमाला 'सिल्क मार्क'ची खूण असते. या गोष्टी मी चोवीस वर्षांच्या संसारात त्यांना कधी विचारल्याच नव्हत्या.

फॉल लावल्यामुळे साडी परत जाईना. खरे पाहता विकणाऱ्याने फसवलेही नव्हते. लिहिले होते, पण मला वाचता आले नाही. तीन हजार दोनशे रुपये गेले. पण पैशांपेक्षा मला जे लागले ते वेगळेच. हे फक्त एवढेच म्हणाले, "मला विचारले असतेस तर!" ज्या माणसाने आयुष्यभर हजारो बायकांना कापड समजावून सांगितले, त्याची स्वतःची बायको त्याला न विचारता फोनला विचारीत होती.

मग आम्ही दोघे ह्यांच्या दुकानात गेलो. हल्ली सोपे आहे. वनाजला मेट्रोत बसायचे, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि मंडईला उतरायचे. मी गिऱ्हाईक होऊन गादीसमोर बसले, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांना काम करताना पाहिले. माझ्या शेजारी एक आई आणि तिची मुलगी होती. ह्यांनी त्यांच्यासाठी एकवीस साड्यांच्या घड्या मोडल्या. मी मोजत होते. मुलीच्या खांद्यावर पदर टाकून आरशासमोर उभे केले, कोणता रंग तिच्या वर्णाला उठून दिसतो ते सांगितले, पाणी विचारले. शेवटी मुलीला एक साडी फार आवडली. तिने फोन काढला, साडीचा आणि चिठ्ठीचा फोटो घेतला आणि आईला हळूच म्हणाली, "अशीच बघू, फोनवर स्वस्त मिळेल." दोघी उठून गेल्या. हे एकवीस साड्यांच्या घड्या घालत बसले. दुपारचे बारा वाजले होते आणि त्या दिवशीची भवानी झाली नव्हती.

भगिनींनो, मला त्या मुलीचा राग आला नाही. मीही तेच केले असते. कोपऱ्यावर मी तेच करीत होते. पण त्या घड्यांना मजुरी कोण देणार, हा प्रश्न तिथे बसल्या बसल्या मला पडला. फोनवरचे दुकान साडी स्वस्त देते, कारण तिथे घड्या मोडणारा माणूस नाही आणि लक्ष्मी रस्त्याचे भाडे नाही. हे त्यांचे कसब आहे, त्यात पाप नाही. पण पारख एकाकडून फुकट घ्यायची आणि पैसे दुसऱ्याला द्यायचे, हे किती दिवस चालेल? त्या दिवाळीनंतर ह्यांच्या दुकानातले दोन जुने नोकर कमी झाले.

आता लेकाची बाजू ऐका. आमचा थोरला बारावीनंतर या कामाला लागला. वस्तीत एक गाळा असतो. त्यावर पाटी नाही, गिऱ्हाईकाला आत प्रवेश नाही. आत नुसत्या फळ्या आणि माल. तुम्ही फोनवर बोट ठेवले की आतला मुलगा धावत माल गोळा करतो, पिशवी बांधतो आणि बाहेर उभ्या असलेल्या आमच्या लेकाच्या हातात देतो. आपल्या दारात सामान दहा-पंधरा मिनिटांत येते ते असे. त्यात जादू नाही. गाळा जवळ असतो आणि पोरे धावत असतात. लेकाला महिन्याचा पगार नाही, जितक्या पिशव्या तितके पैसे. गेल्या पावसाळ्यात पौड रस्त्यावर त्याची गाडी घसरली. गुडघा फुटला. पिशवीतली अंडीही फुटली, आणि घरी आल्यावर तो आधी अंड्यांचे बोलला, मग गुडघ्याचे. आठ दिवस घरी होता. आठ दिवसांची कमाई शून्य.

एक बरी गोष्ट झाली आहे. अशा मुलांना आपल्या कायद्यात आजवर नावच नव्हते. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना प्रथम नाव दिले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग या कामगारांच्या कल्याणनिधीत द्यावा असे तीत आहे. ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे लागते. तुमच्या घरात असा कोणी मुलगा असेल तर त्याची नोंदणी आजच पाहा. आणि फोनवर मागवताना एवढे मनात असू द्या की ती पिशवी कोणाचा तरी लेक घेऊन येत आहे. पाऊस असला तर मागवणे तासभर पुढे ढकला. दारात आला तर पाणी विचारा. उद्वाहक बंद असेल तर दोन मजले आपण उतरा.

आता हिशेब. मी भिशीची हिशेबनीस, तेव्हा हिशेबाशिवाय माझे समाधान होत नाही. गेल्या वर्षी मी एक प्रयोग केला. जून महिन्याचे सगळे वाणसामान फोनवरून घेतले आणि जुलैचे सगळे काकांकडून, यादी तीच. जुलैचे झाले आठ हजार तीनशे दहा रुपये. जूनचे झाले नऊ हजार सहाशे चाळीस. मला नवल वाटले, कारण यादीतल्या वस्तू फोनवर एकंदरीने तीनशे चाळीस रुपयांनी स्वस्तच होत्या. मग चिठ्ठ्या घेऊन बसले. पोचवण्याचे, हाताळणीचे, थोडक्या खरेदीचे असे निरनिराळे आकार मिळून सहाशे बारा रुपये गेले होते; कारण महिन्यात मी सत्तावीस वेळा मागवले होते. आणि यादीत नसलेल्या वस्तू, म्हणजे 'आणखी इतक्याचे घेतले तर आणणावळ माफ' म्हणून घेतलेली बिस्किटे, सरबते, वड्या, एक हजार अठ्ठावन्न रुपयांच्या होत्या. म्हणजे फोनने माल स्वस्त दिला आणि मला मात्र महाग केले. दोष सगळा फोनचा नव्हे. काकांकडे जाताना यादी हातात असते आणि पाकीट छातीशी असते. फोनवर यादीही नाही आणि पैसे जाताना दिसतही नाहीत.

या फोनवरच्या क्लृप्त्यांची सरकारनेही दखल घेतली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. 'आता दोनच शिल्लक' असे खोटे सांगून घाई करणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, किंमत आधी थोडी दाखवून शेवटी आकार चढवणे, हे सगळे त्यात आले.

काही गोष्टी मी विचारून, समजून घेऊन वहीत उतरवल्या आहेत. त्या सांगते, दोन्ही दुकानांना उपयोगी आहेत.

पहिली गोष्ट, बिल. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी झाला. आता २०१९ सालचा नवा कायदा आहे. त्याप्रमाणे बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपण इतकी वर्षे भीतीने वाचत आलो. पण माल सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे या कायद्यात बसत नाही. मात्र माल चांगला असून आपलेच मन बदलले, तर परत घेणे ही दुकानदाराची मर्जी.

दुसरी, पाकिटावरची किंमत. छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. पाकीट तेवढेच दिसते आणि आतला माल कमी होतो, म्हणून हल्ली एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमतही छापावी लागते. तीच वाचा आणि तीच ताडून पाहा.

तिसरी, फोनवरची तक्रार. २०२० सालच्या नियमांप्रमाणे फोनवरच्या प्रत्येक दुकानाने तक्रार ऐकणारा अधिकारी नेमला पाहिजे. तक्रार पोचल्याचे अठ्ठेचाळीस तासांत कळवले पाहिजे आणि महिन्याच्या आत निवारण केले पाहिजे. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा कोणत्याही गावचा असो, दावा आपण राहतो तिथल्या आयोगाकडे लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. पैसे परत मिळवण्यासाठी इंटरनेटवर सापडलेल्या कोणत्याही क्रमांकावर फोन करू नका. क्रमांक त्या दुकानाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. आणि एवढे पाठ करा: पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन मागितला की समजा पैसे जाणार आहेत. गेलेच, तर रडत बसू नका, त्या क्षणी १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे दूर.

आता शेवटचे. नुसते बोलून काय उपयोग? म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते.

एक, १९७४ साली आपल्या पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. घराघरांनी एकत्र येऊन ठोक माल घ्यावा आणि वाटून घ्यावा, ही वाट ग्राहक चळवळीने दाखवली. या दिवाळीला आपण चाळीस घरांचे रवा, बेसन, तूप, साखर एकत्र घेऊ या. आणि ते आपल्या वाणीकाकांमार्फतच घेऊ या. मी त्यांना विचारले आहे. चाळीस घरांची यादी एकदम मिळाली तर तेही भाव फोनच्या बरोबरीने लावतील. आता ते यादी व्हॉट्सॲपवर घेतात आणि चार वाजता मुलगा घरी पोचवतो. फोन काही कंपन्यांचीच मालमत्ता नाही.

दोन, जी वस्तू दुकानात हाताळून पसंत केली ती त्याच दुकानात घ्यावी. आणि जी फोनवरच बरी मिळते ती खुशाल फोनवर घ्यावी, पण आधी दुकानात जाऊन त्यांचा वेळ घेऊ नये.

तीन, दर महिन्याच्या सभेत अर्धा तास 'पारख' ठेवावी. कोणी तांदूळ ओळखायला शिकवील, कोणी सोन्यावरचा हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षरांचा क्रमांक कसा वाचायचा ते सांगेल. कापडाच्या दिवशी आमच्या ह्यांना बोलवा. त्यांना मी विचारले, ते म्हणाले, "मला कोण बोलवणार?" तेव्हा मंडळाने रीतसर पत्र द्यावे अशी माझी विनंती आहे.

ह्यांच्या दुकानाची ताजी हकीकत सांगून संपवते. मालकांनी आता एक फोन तिकाठीवर लावला आहे. संध्याकाळी अमेरिकेतली, दुबईतली आपली माणसे त्यावरून साड्या बघतात, आणि आमचे हे फोनसमोर उभे राहून घडी मोडतात, पोत सांगतात, आणि खरे रेशीम कोणते, आर्ट सिल्क कोणते, ते आधी सांगतात. परवा घरी आल्यावर म्हणाले, "आज फोनवर चार साड्या गेल्या." लेक जेवत होता. तो हसून म्हणाला, "बाबा, मग आता आपण दोघेही एकाच धंद्यात." खूप दिवसांनी दोघे एकत्र हसले.

आज ही जी मोरपंखी साडी नेसून मी तुमच्यापुढे उभी आहे, ती तीच. आर्ट सिल्क. भाषण संपल्यावर जवळ येऊन जरूर हात लावून पाहा, उलटी बाजूही बघा. माझे तीन हजार दोनशे रुपये तेवढ्याने तरी सार्थकी लागतील.

 वाणीकाकांच्या यादीसाठी वही दाराशी ठेवली आहे. जाताना नावे लिहून जा.